दोन दात्यांचं खोटं

'गाडीचा आवाज बंद करून द्या' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी चहा देते आणि मग नकार. चहा एवढ्यासाठी, की नकार पचायला वेळ लागतो.

संपादकांनी मला 'एक स्त्री मेकॅनिक' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आपल्याला हात लावणारा माणूस कोण आहे याची इंजिनाला फिकीर नसते, आणि इंजिनाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. तेव्हा मी इंजिनाबद्दल लिहिते. थोडं माझ्या वडिलांबद्दलही लिहावं लागेल. त्यांनी परवानगी दिली आहे.

भिंगारला आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आम्ही मोटारसायकलींची इंजिनं दुरुस्त करतो. आम्ही म्हणजे दादा आणि मी. दादा माझे वडील, लष्कराच्या वर्कशॉपात नागरी फिटर. लष्करातून मोडीत निघालेल्या साडेतीनशे सीसीच्या गाड्या लिलावात विकल्या जातात. घेणारे कोण? ओव्हरसियर, ग्रामसेवक, निवृत्त सुभेदार, एखादा हौशी बागाईतदार. रविवारी ही मंडळी आमच्या अंगणात गाड्या लावतात. पाटी नाही, बिलबुक नाही. कडुनिंबाखाली एक जुनी चादर अंथरली की झालं आमचं गॅरेज.

दादांचा दुसरा उद्योग युनियनचा. मी अक्षरं शिकले ती युनियनच्या पत्रकांवरून. फळीवर पत्रकं, गादीखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा पत्रकांची. पहिला जोडाक्षराचा शब्द मी वाचला तो 'कामगारशक्ती', आणि दुसरा 'धिक्कार'. चौदाव्या वर्षी मी दादांची पत्रकं शुद्ध करून देत होते, सोळाव्या वर्षी लिहीत होते. आणि मधल्या दोन वर्षांत कधीतरी पाना हातात आला.

आता टॅपेटबद्दल. इंजिनाला दोन दारं असतात. एकातून पेट्रोलची वाफ आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. खाली एक उंचवटा असलेलं चाक फिरतं, तो कॅम. उंचवटा वर आला की तो एका लांब काडीला ढकलतो, काडी दार उघडते. उंचवटा सरकला की दार मिटतं. दार पुरतं मिटलंच पाहिजे, म्हणून काडीला किंचित मोकळीक ठेवतात. किती? इंजिन थंड असताना काडी दोन बोटांत गिरकी घेईल, पण वरखाली हलणार नाही, एवढी. हेच टॅपेट लावणं. दहा मिनिटांचं काम आहे. कुणालाही जमतं, आणि ज्याचं त्यानं घरी करावं असं माझं मत आहे.

ही मोकळीक असते म्हणून इंजिन बारीक टकटक करतं. टकटक निरोगी असते. पण गिऱ्हाइकाला ती खुपते.

आमच्या ओळीच्या टोकाला एक निवृत्त सुभेदार राहतात. ते मला म्हणाले, "पोरी, ही टकटक बंद झाली पाहिजे. परेडला जवान उभा असतो तशी गप्प पायजे गाडी."

"सुभेदारकाका, गप्प केली तर मरेल."

"आमच्या पलटणीत कोण मेलं गप्प राहून?"

ते रागावून बाजारातल्या एका मिस्त्रीकडे गेले. त्यानं टॅपेट करकचून आवळलं. गाडी साखरेसारखी गोड चालू लागली. सुभेदार मुद्दाम आमच्या दारावरून फेऱ्या मारायचे. दीड महिन्यानं तीच गाडी ढकलत घेऊन आले. काडीला मोकळीक नाही, म्हणून दार कधी पुरतं मिटलंच नव्हतं आणि जाळ कडेनं बाहेर जात राहिला होता. मी व्हॉल्व्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. कडा उंदरानं कुरतडलेल्या पापडासारखी झाली होती.

सुभेदारांनी कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नको."

मी म्हणाले, "काका, मी लिहिणार आहे."

तर टॅपेट माझं काम. व्हॉल्व्ह घासणं, रिंगा बदलणं, इंजिनाचं डोकं उतरवणं हेही माझं. एकच काम दादा मला देत नसत. इंजिनाच्या उजव्या अंगाला एक झाकण असतं आणि त्यामागे टायमिंगची चाकं असतात. "तो डबा मी बघतो," दादा म्हणायचे आणि मला चहा करायला पाठवायचे. मी परत येईपर्यंत झाकण बसलेलं असायचं. मला वाटायचं, फार अवघड काम असणार. दादांचा अभिमान वाटायचा मला, चुलीपुढे बसून.

दुष्काळाच्या सालातली गोष्ट. उन्हाळा शेवटाला आला होता. शनिवारी दुपारी चाऱ्याचा एक रिकामा ट्रक आमच्या दाराशी थांबला. मागे दोरानं बांधलेली गाडी आणि गाडीला धरून बसलेले पठाडे. पठाडे आमचं जुनं गिऱ्हाईक, गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन. जनावरांना लस टोचत हिंडणं हे त्यांचं काम, आणि त्या साली हिंडणं म्हणजे गुरांच्या चारा-छावण्या.

"दादा हायेत का, ताई?"

"पुण्याला गेलेत, युनियनच्या कामाला. सोमवारी संध्याकाळी येतील."

पठाडे ट्रकच्या चाकापाशी मटकन बसले. "मंग मेलोच की मी."

"झालं काय?"

"हिवऱ्याकडच्या छावनीत घटसर्प शिरलाय. मंगळवारी दोन बैल गेले, काल एक गाय. गळा सुजतो आन् दिवसात जनावर आडवं. आजूबाजूच्या दोन छावन्यांतबी जाईल आता. सोमवारी सकाळी लस येती. बर्फात ठिऊन तिन्ही छावन्या गाठायच्या. जीप सायबासंगं पाथर्डीला. सायकलीवर निगालो तर बर्फाचं पानी हुईल आन् लशीचंबी."

"आणि गाडी?"

"कोल्हारला लतीफ मिस्त्रीनं खोलली. कॅमचा बुश गेला हुता म्हनं, बदलला. तवापास्नं चालूच हुईना. किक मारली की फाटकन उलटी लाथ घालती. लई नाव ऐकलं हुतं त्याचं. आख्ख्या कोल्हारात सांगून आलोय, या मानसाला पाना धरता येत न्हाई."

मी हसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण हसले. म्हणाले, "चाकांवरच्या खुणासुद्धा जुळवता येत नसतील तर माणसानं दुकान तरी कशाला काढावं?"

मग मी दादांचा डबा उघडायचं ठरवलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "त्यांना येऊ दे की गं." मी विचारलं, "घटसर्प थांबेल का सोमवार संध्याकाळपर्यंत?" आई आत गेली. मला वाटलं चिडली. ती जुनी चादर घेऊन आली.

टायमिंग म्हणजे काय ते सांगते. झाकणाखाली तीन दातेरी चाकं असतात. लहान चाक पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, दोन मोठी कॅमवर, एकमेकांत गुंतलेली. लहान चाक फिरलं की मोठी फिरतात आणि पिस्टन कुठे आहे त्या हिशेबानं दारं उघडतात, मिटतात. ठिणगीसुद्धा याच चाकांच्या मागे चालते. चाकं चुकीच्या दात्यावर गुंतली तर सगळाच गोंधळ. म्हणून कारखान्यात प्रत्येक चाकावर एक ठिपका ठोकलेला असतो. ठिपक्यासमोर ठिपका आला की टायमिंग बरोबर. शाळेतल्या पोरालाही जमेल.

मी झाकण काढलं. ठिपक्यासमोर ठिपका होता. लतीफभाईंनी केसभरही चूक केली नव्हती.

मी चाकं काढून रॉकेलनं धुतली, पुन्हा ठिपके जुळवून बसवली, प्लग साफ केला. किक मारली. गाडीनं उलटी लाथ घातली, पाय नडगीवर सुजला. पठाडे म्हणाले, "बगा. म्या काय म्हनत हुतो." पुन्हा काढली, पुन्हा बसवली. दिवस मावळला तेव्हा माझा पाय भोपळ्यासारखा झाला होता आणि गाडी मेलेली होती.

पठाडे नगरात मुक्काम करायला निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "ताई, उद्या न्हाई झालं तर सांगा बरं का. म्या पायी निगंन, पर निगंन."

छापलेलं खोटं असू शकतं हे मी लहानपणीच शिकले होते. सरकारी पत्रकाला उलटं पत्रक काढायचं, हाच आमच्या घरचा धंदा. पण पोलादावर ठोकलेला ठिपका खोटा असेल हा विचार मला रविवारी सकाळपर्यंत शिवला नाही. तो आला तेव्हा मी भाकरी खात होते, आणि ती तशीच टाकून उठले. ठिपके विसरायचे. ठिपका हा कुणाचा तरी शब्द आहे. पिस्टन आणि दारं काय म्हणतात ते विचारायचं.

त्यासाठी अंश मोजायची गोल तबकडी हवी. पुठ्ठा शोधला. मागच्या मोर्चाचे फलक माळ्यावर पडले होते, मीच रंगवलेले. एकाच्या कोऱ्या बाजूवर शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवून तीनशे साठ रेघा ओढल्या, गोल कापला, मधे भोक पाडून पिस्टनच्या दांड्यावर बसवला. शेजारी वाकवलेल्या तारेचा काटा. प्लगच्या भोकातून सायकलचा आरा आत सोडला. पिस्टन वर येतो तसा आरा वर येतो. वर येताना एका उंचीला खूण, खाली जाताना त्याच उंचीला खूण, दोहोंच्या बरोबर मध्ये पिस्टनचं शिखर. आता एकच प्रश्न उरला. धूर जाणारं दार मिटत असतं आणि वाफ येणारं उघडत असतं, तेव्हा क्षणभर दोन्ही किलकिली असतात. या जातीच्या इंजिनात तो क्षण शिखराच्या आसपास यायला हवा: एक जितके अंश आधी उघडतं, जवळपास तितकेच अंश नंतर दुसरं मिटतं. समोर ठिपके ठेवून मी मोजलं, तर मेळच नाही. एक दाता सरकवला. जवळ आलं. आणखी एक.

डाव्या उजव्या रेघा सारख्या आल्या.

मी लहान चाक पुन्हा काढून उन्हात धरलं. ठिपक्यापासून दोन दाते सोडून एक मळकट चट्टा होता. सुईनं खरवडला, तर शिशाचा बारीक मणी निघून पडला आणि खाली कारखान्याचा ठिपका. खरा. म्हणजे कुणीतरी खरा ठिपका शिशानं बुजवून खोटा ठोकला होता. ज्यानं ठोकला तो बसवताना दोन दाते सोडून बसवणार, आणि इतर कुणी उघडली तर ठिपके जुळवून तोंडघशी पडणार. गिऱ्हाईक पुन्हा पहिल्याच दारात.

काय संताप आला मला! मनातल्या मनात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. मग मी त्या खोट्या ठिपक्याकडे नीट पाहिलं. तो गोल नव्हता. एका बाजूला टवका उडालेला होता. असा ठिपका आमच्या घरातल्या प्रत्येक पान्यावर आहे, पकडीवर आहे, आईच्या अडकित्त्यावरसुद्धा आहे. दादांच्या खूण ठोकायच्या पंचाचं टोक मी लहान असतानाच तुटलं होतं. माझ्याच हातून पडून.

पठाडे दुपारी आले तेव्हा मी चादरीवर नुसती बसून होते.

"काय ताई? पायीच ना?"

मी उठले. चाकं बसवली, झाकण लावलं, शेवटी टॅपेट. दोन्ही काड्या बोटांत फिरवून पाहिल्या. सुभेदार काठी टेकत कुंपणाशी आले होते. पठाड्यांनी देवाचं नाव घेतलं आणि किक मारली. एक. दोन. तिसऱ्या किकला गाडी अशी काही बोलली, की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

पठाडे ओरडले, "आरं तिच्या! चालू झाली की!" मग कान देऊन म्हणाले, "ताई, जरा टकटक करतीय पर."

माझ्या आधी सुभेदारच गरजले, "करू दे! ती जिवंत आहे!"

सोमवारी सकाळी पठाडे लस घेऊन गेले. तिन्ही छावण्या त्यांनी दोन दिवसांत उरकल्या, आणि गाडी वाटेत एकदाही रुसली नाही.

सोमवारी संध्याकाळी दादा आले. पिशवी खाली ठेवायच्या आत आईनं कौतुकानं सगळं सांगून टाकलं. दादांनी चपला काढल्याच नाहीत.

"डबा उघडलास?"

"उघडला."

मी तबकडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. चांगलं काम दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो, तसा तो क्षणभर खुलला आणि विझला.

"किती दाते?"

"दोन."

"कुठल्या बाजूला?"

"तुम्हाला ठाऊक आहे, दादा."

त्यांनी तबकडी उलटी केली. मागे मोर्चाच्या फलकाचा लाल रंग होता, माझंच अक्षर. फलकावर लिहिलं होतं, 'कामगारांचे नियम कामगारांपासून लपवू नका'. पुठ्ठा गोल कापताना बाकी सगळं छाटलं गेलं होतं. मध्ये 'लपवू नका' एवढंच उरलं होतं, 'न'च्या पोटात भोक पडलेलं. कापताना माझं तिकडे लक्षही नव्हतं, शपथेवर सांगते.

दादा ओट्यावर बसले. म्हणाले, "तू तीन वर्षांची होतीस. बाजारातल्या गॅरेजवाल्यानं माझी सगळी गिऱ्हाइकं पळवली. माझं काम बघून, तेच स्वतःचं म्हणून विकून. तेव्हा सुरू केलं. मग थांबवायला कारण मिळालं नाही."

"कोल्हारात लोक लतीफभाईंना हसताहेत. मीही हसले."

त्यांनी चपला काढल्या आणि ते आत गेले. बुधवारी सकाळी दाढी करताना आरशातून मला म्हणाले, "पत्रक लिहून झालं असेल तुझं."

झालं होतं. मी ते पुढे केलं. 'भिंगारला दुरुस्त झालेल्या मोटारसायकलींच्या मालकांस कळवण्यात येते की, तुमच्या इंजिनातील लहान चाकावरची खूण चुकीची ठोकली गेली आहे.' आजवर कुणालाही न सोडणाऱ्या मी वडिलांसाठी वाक्य मऊ केलं होतं. दादांनी साबणाच्या हातानं पेन्सिल घेतली, 'ठोकली गेली आहे' खोडलं आणि लिहिलं, 'मी ठोकली आहे'. म्हणाले, "नाव खाली नको. वर घाल, मोठ्या टायपात. आणि मागच्या बाजूला टॅपेट कसं लावायचं ते लिही. कागद कोरा कशाला सोडायचा?"

पुढच्या रविवारी आमच्या ओळीत सुभेदारांच्या दारापर्यंत गाड्या लागल्या. एक ओव्हरसियर दादांना नाही नाही ते बोलले. "इतकी वर्षं आम्हाला दावणीला बांधलंत?" दादा म्हणाले, "होय," आणि त्यांचीच गाडी आधी घेतली. प्रत्येक डबा त्यांनी मालकादेखत उघडला, शिसं काढून खरा ठिपका दाखवला, खोटा कानशीनं घासून टाकला. दोघं तिघं पुन्हा आले नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही. उरलेल्यांना मी कडुनिंबाखाली बसवून टॅपेट लावायला शिकवलं. सुभेदार तर दोन बोटांत काडी फिरवून परेडच्या आवाजात ओरडत होते, "ठीक! पुढचा!"

त्यानंतर कोल्हार. गाडी मी चालवली, दादा मागे बसले. नगर-मनमाड रस्त्यावर लतीफभाईंचं पत्र्याचं दुकान आहे. बाहेर चार माणसं बसली होती, निरोप मिळाल्याप्रमाणे पठाडेही तिथेच थांबले होते. दादा गाडीवरून उतरले आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लतीफभाई, तुम्ही काम बरोबर केलं होतं. खूण खोटी होती. ती माझी होती."

लतीफभाई साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी हात फडक्याला पुसले. "मिस्त्री, तीन दिवस मी मलाच विचारत होतो, लतीफ, तेरा दिमाग फिर गया क्या? चाळीस वर्सं पाना धरला, आन् तीन चाकं जुळेनात. दुकान बंद करायचं ठरवलं होतं."

पठाडे मान खाली घालून म्हणाले, "माझंबी चुकलं, चाचा. साऱ्या गावात म्याच बोंबललो."

"आता तेवढ्याच जोरात उलटं बोंबल," लतीफभाई म्हणाले. माणसं हसली, आणि या वेळी मी मनापासून हसले. मग ते माझ्याकडे वळले. "बेटी, खुणा नसताना टायमिंग कसं काढलं? मला शिकव."

चाळीस वर्षांच्या मिस्त्रीनं माझ्याकडे शिकायला मागितलं. मी पिशवीतून तबकडी काढली. त्यांच्याच दुकानातल्या एका इंजिनावर दादांनी आरा धरला, मी काटा लावला, लतीफभाईंनी रेघा मोजल्या. निघताना त्यांनी तबकडी परत दिली नाही. म्हणाले, "ही इथंच राहू दे."

परवा मी कोल्हारावरून गेले तेव्हा ती दुकानाच्या दर्शनी खिळ्याला टांगलेली होती. काम असेल तेव्हा लतीफभाई ती उतरवून वापरतात, पण टांगताना रेघांची बाजू पत्र्याकडे करतात. लाल अक्षरं रस्त्याकडे.